रंग पाहू नका, आकडा वाचा : फॉलिक अॅसिडची गोळी आणि हिवताप

पावसाळा लागला की गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक घरांत दोन प्रकारची औषधे एकदम येतात. सून गरोदर असेल तर आशाताईंनी दिलेल्या रक्ताच्या लाल गोळ्या असतात. घरात कोणाला थंडी वाजून ताप आला आणि तपासणीत हिवताप निघाला, तर त्याच्याही गोळ्या येतात. मग प्रश्न उभा राहतो, ही दोन्ही औषधे एकत्र चालतात का? कोणी म्हणते, रक्ताच्या गोळीने ताप वाढतो, बंद कर. कोणी म्हणते, अंगात रक्त नाही म्हणून ताप येतो, दोन जास्त खा. विहारातल्या आरोग्य शिबिरातही हा प्रश्न हमखास येतो.

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे, आणि ते 'घ्या' किंवा 'घेऊ नका' एवढ्या एका शब्दात संपत नाही. गोळीत फॉलिक अॅसिड किती आहे आणि हिवतापावर कोणते औषध चालू आहे, या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे. आपल्या समाजाच्या दृष्टीने त्यात सिकलसेलचा तिसरा धागाही आहे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय आम्ही सविस्तर घेत आहोत.

मुंबईच्या गिरणी कामगार बायांनी दिलेले ज्ञान

फॉलिक अॅसिड हे 'ब' गटातले जीवनसत्त्व. नवे रक्त तयार व्हायला आणि पोटातल्या बाळाची वाढ व्हायला ते लागते. पालेभाज्या, डाळी, कडधान्ये, अंडी आणि कलेजी यांतून ते मिळते. त्याचा शोध मुंबईतल्या गरीब बायांच्या आजारातून लागला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

1928 साली डॉ. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम करायला आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत होता आणि त्यात अनेकींचा जीव जात होता. हा आजार जंतूंमुळे नसून निकस आहारामुळे होतो, हे त्यांनी तपासून काढले. यीस्टचा अर्क दिल्यावर या बाया बऱ्या होतात, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व.

त्याच 1928 साली, जुलै महिन्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. एकाच शहरातल्या कष्टकरी आईसाठी एकीकडे औषध शोधले जात होते आणि दुसरीकडे हक्क मागितला जात होता. आज आपल्या लेकी-सुनांच्या हातात पडणारी लाल गोळी आणि बाळंतपणाची भरपगारी रजा या दोन्हींचा इतिहास असा जवळून जातो. म्हणून ती गोळी ऐकीव गोष्टीवरून फेकून देणे योग्य नाही, आणि समजून न घेता गिळणेही योग्य नाही.

गोळी कधी आणि किती

बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांतच घातला जातो. या काळात फॉलिक अॅसिड कमी पडले तर मणका उघडा राहणे, डोक्याची कवटी पूर्ण न होणे असे गंभीर व्यंग होऊ शकते. असे मूल आधी झालेल्या स्त्रियांना पुढच्या गर्भारपणाआधीपासून फॉलिक अॅसिड दिले, तर तेच व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटते, असे 1991 साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले.

पण 28 दिवसांत तर बहुतेक बाईला दिवस गेल्याचे कळतही नाही. नाव नोंदवायला ती दोन-तीन महिन्यांनी जाते, तोवर पाया घालून झालेला असतो. म्हणून मूल हवे असे ठरवल्यावरच रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी आणि पहिले तीन महिने चालू ठेवावी.

2018 साली सुरू झालेल्या 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात पुढच्या मात्रा ठरवून दिल्या आहेत. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, 180 दिवस. तिच्यात 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. बाळंतपणानंतरही तीच गोळी 180 दिवस. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी, तिच्यातही तेवढीच मात्रा. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांना आठवड्यातून दोनदा एक मिलीलिटर सिरप, त्यात 20 मिलीग्रॅम लोह आणि 100 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड.

या सगळ्या लहान मात्रा आहेत. औषधाच्या दुकानात मात्र फॉलिक अॅसिडची 5 मिलीग्रॅमची गोळी सहज मिळते. दिसायला ती इवलीशी, पुष्कळदा पिवळसर असते. 5 मिलीग्रॅम म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम. म्हणजे ही इवलीशी गोळी त्या मोठ्या लाल गोळीच्या दहापट आहे! घोटाळा इथेच होतो. पाकिटावर एकीकडे मायक्रोग्रॅम लिहिलेले, दुसरीकडे मिलीग्रॅम. '5' पाहून बाई म्हणते, ही तर 500 पेक्षा हलकी.

हिवतापाचा जंतूही फॉलिकवरच जगतो

हिवतापाचा जंतू माणसाच्या तांबड्या पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. त्यामुळे रक्त कमी होते. नवे रक्त बनवायला फॉलिक अॅसिड जास्त लागते. म्हणजे हिवताप झालेल्याला या जीवनसत्त्वाची गरज वाढते.

पण जंतूलाही वाढायला तेच लागते. आपण ते अन्नातून घेतो, जंतू बहुतांशी स्वतःच तयार करतो. सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामाइन हे जोडऔषध, ज्याला दवाखान्यात थोडक्यात 'एसपी' म्हणतात, जंतूचा हा कारखानाच बंद पाडते. फॉलिक बनेना की जंतू मरतो. आता अशा वेळी रोग्याच्या रक्तात बाहेरून भरपूर फॉलिक अॅसिड आले, तर जंतूला आयता माल मिळतो आणि औषधाचा मारा बोथट होतो.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. केनियातल्या गरोदर स्त्रियांवर झालेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. हिवतापासाठी एसपी दिलेल्या या स्त्रियांचे तीन गट केले होते. एकीला फॉलिक नाही, दुसरीला रोज 0.4 मिलीग्रॅम, तिसरीला रोज 5 मिलीग्रॅम. लहान मात्रेच्या गटात औषध तितकेच लागू पडले, जितके फॉलिक न घेणाऱ्या गटात. 5 मिलीग्रॅमच्या गटात मात्र औषध फसण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हेच सांगतो. एसपी घेणाऱ्या गरोदर स्त्रीने 0.4 मिलीग्रॅमची मात्रा चालू ठेवावी, 5 मिलीग्रॅम किंवा त्याहून मोठी मात्रा सोबत घेऊ नये.

आपल्या भागाशी याचा संबंध काय? 2013 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार महाराष्ट्रात फाल्सिपेरम हिवतापावर आर्टेसुनेट तीन दिवस आणि सोबत पहिल्या दिवशी एसपी, असा उपचार ठरला. ईशान्येकडच्या राज्यांत एसपी निकामी होऊ लागल्याने तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन हे दुसरे जोडऔषध आणले गेले. क्लोरोक्विन, क्विनाइन आणि आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन ही औषधे फॉलिकच्या वाटेने काम करत नाहीत, त्यांच्याशी हा झगडा नाही. म्हणून हिवतापाची गोळी हातात पडताच पहिला प्रश्न विचारावा, "यात एसपी आहे का?"

मग लोहाचे काय?

लाल गोळीत फॉलिकसोबत लोहही असते, आणि 'रक्ताच्या गोळीने ताप वाढतो' या समजामागे एक खरी घटना आहे. टांझानियातल्या पेंबा बेटावर हिवताप बारमाही. तिथे एक महिना ते तीन वर्षांच्या बालकांना रोज लोह आणि फॉलिक अॅसिड देऊन पाहिले गेले. ही मुले दगावण्याचे किंवा गंभीर आजारी पडण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त दिसले, तेव्हा 2003 साली तो भाग थांबवावा लागला. 2006 साली हे निष्कर्ष जाहीर झाल्यावर जगभर खळबळ उडाली.

पण त्याच वेळी नेपाळच्या तराईत, जिथे हिवताप फारसा नव्हता, तसाच अभ्यास झाला आणि तिथे बालकांना अपाय दिसला नाही. पेंबातही ज्या मुलांच्या हिवतापाची नीट तपासणी आणि उपचार होत होते आणि ज्यांच्या अंगात लोह खरेच कमी होते, त्यांना गोळीचा फायदाच झाला. गरोदर स्त्रियांबाबत केनियातला 2015 चा अभ्यास सांगतो की रोज 60 मिलीग्रॅम लोह दिल्याने हिवताप वाढला नाही, उलट बाळांचे जन्माचे वजन सरासरी 150 ग्रॅमने वाढले.

याचा अर्थ, धोका उपचाराविना राहिलेल्या हिवतापाचा आहे. जिथे मच्छरदाणी आहे, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासले जाते, पूर्ण उपचार होतो, तिथे रक्ताची गोळी तारक आहे. जिथे हे काहीच नाही, तिथे नुसत्या गोळ्या वाटणे पुरेसे नाही. मच्छरदाणी, तपासणी आणि गोळी ही तिन्ही एकत्र मागणे हा आपला हक्क आहे.

गरोदर बाईच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचे. फाल्सिपेरमचा जंतू वारेत दडून बसतो. बोटाच्या रक्तात तो कमी दिसतो, पण आतून बाळाचे पोषण अडवतो. गर्भपात, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, कमी वजनाचे बाळ आणि आईला तीव्र रक्तक्षय, हे सारे त्यातून होते. अशा बाईची लाल गोळी बंद करून हिवताप बरा होत नाही, फक्त तिचे रक्त आणखी कमी होते.

सिकलसेल असलेल्या घरांनी हे जरूर वाचावे

सिकलसेल हा फक्त आदिवासींचा आजार आहे, असा समज अजून आहे. विदर्भात तो गोंड, माडिया या समाजांत आहे, तसाच आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. हे लपवण्यासारखे काही नाही. हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांच्या रक्तात झालेला हा बदल आहे.

यात दोन प्रकार ओळखावेत. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आला असेल तो 'वाहक', म्हणजे एएस. त्याला बहुधा त्रास नसतो आणि तीव्र फाल्सिपेरम हिवतापापासून त्याला काही अंशी संरक्षणही मिळते. तरी हिवताप त्याला होतोच, म्हणून मच्छरदाणी त्यालाही हवी. दोघांकडून दोष आला तो 'ग्रस्त', म्हणजे एसएस. त्याला हिवतापापासून असे संरक्षण नाही. उलट आधीच कमी असलेले रक्त हिवतापात आणखी फुटते आणि जिवावर बेतू शकते.

एसएस रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर फुटत असल्याने त्याला रोज फॉलिक अॅसिड देतात, आणि आपल्याकडे ते बहुधा 5 मिलीग्रॅमचे असते. म्हणजे ज्या रुग्णाला हिवताप सर्वांत घातक, त्याच्याच रोजच्या गोळीने एसपीचा जोर कमी होण्याची शक्यता. हे टाळायला एकच गोष्ट करायची आहे. ताप आल्यावर तपासणीला जाताना सिकलसेलचे कार्ड आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटे दोन्ही सोबत न्यावीत आणि सांगावे, "मी फॉलिक 5 मिलीग्रॅम घेतो." मग डॉक्टर दुसरे औषध निवडू शकतात किंवा मोठी गोळी काही काळ थांबवायला सांगू शकतात. एसपी रक्तात कित्येक दिवस टिकते, त्यामुळे किती दिवस थांबायचे हे त्यांनीच ठरवायचे. शरीरात फॉलिकचा काही साठा असतो, थोड्या दिवसांच्या खंडाने तो संपत नाही. पण ताप गेल्यावर गोळी पुन्हा सुरू करायला विसरू नये.

एसएस रुग्णाने लोहाची गोळी मात्र स्वतःहून घेऊ नये. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह साचलेले असू शकते, म्हणून आधी तपासणी हवी. आणि वाहक असलेल्या बाईने 'मला सिकल आहे' म्हणून 5 मिलीग्रॅमची गोळी आपल्या मनाने सुरू करू नये. तिला इतर गरोदर बायांसारखीच लाल गोळी पुरेशी असते. 1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान चालू आहे आणि तपासणी मोफत आहे. लग्न ठरवताना पत्रिका पाहण्यापेक्षा हे कार्ड पाहावे, हे आम्ही या पानावरून पुन्हा सांगतो.

घरात आणि गावात काय करावे

1. ताप आला की वाट पाहू नये. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. पुजाऱ्याकडे जायचे असेल तर आधी तपासणी करून मग जावे.

2. गरोदर असाल तर ते आधी सांगावे, कितवा महिना तेही सांगावे. पहिल्या तीन महिन्यांत आणि त्यानंतर औषधे वेगळी असू शकतात. प्रायमाक्विन ही गोळी गरोदरपणात देत नाहीत. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या उरलेल्या हिवतापाच्या गोळ्या तिने कधीच घेऊ नयेत.

3. लाल गोळी (500 मायक्रोग्रॅम) स्वतःच्या मनाने बंद करू नये. रक्तक्षय असल्याने डॉक्टरांनी दिवसाला दोन सांगितल्या असतील, तरी फॉलिक 1 मिलीग्रॅमच होते.

4. 5 मिलीग्रॅमची गोळी चालू असेल तर ती कोणी आणि कशासाठी दिली, हे विचारून घ्यावे. आधी मणक्याचे व्यंग असलेले मूल झालेल्या बाईला डॉक्टर मोठी मात्रा देतात, त्याला कारण असते. विनाकारण दुकानातून आणलेली असेल, तर सल्ला घेऊन लहान मात्रेवर यावे.

5. बालकाला ताप, जुलाब किंवा न्यूमोनिया असेल तोवर लोहाचे सिरप थांबवावे, बरे झाल्यावर पुन्हा सुरू करावे.

6. हिवतापाचा डोस अर्धवट सोडू नये. दोन दिवसांत ताप उतरला म्हणजे जंतू मेला असे नाही. लघवी काळपट झाली, फार धाप लागली, बेशुद्धी किंवा झटके आले, तर तातडीने मोठ्या दवाखान्यात न्यावे.

7. धानाच्या राखणीला, तेंदूपत्त्याच्या फडावर किंवा पाहुणे म्हणून दुसऱ्या गावी मुक्कामाला जाताना मच्छरदाणी सोबत न्यावी. औषध लावलेली मच्छरदाणी बोडीत मासे धरायला किंवा परसबागेच्या कुंपणाला वापरू नये.

8. चवळी, हरभरा, मूग, तूर, पोपटाच्या शेंगा, मेथी, पालक, अंडी आणि कलेजी जेवणात असावीत. भाजी फार वेळ शिजवू नये आणि तिचे पाणी फेकू नये, फॉलिक त्या पाण्यातच उतरते. आहारातल्या फॉलिकची हिवतापात काळजी करण्याचे कारण नाही, ते 5 मिलीग्रॅमच्या जवळपासही जात नाही.

वर्षावासात पाच मिनिटे

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास आणि आपल्या जिल्ह्यांतला हिवतापाचा हंगाम हे एकाच काळात येतात. या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचनासाठी गावातल्या बाया जमतात. वाचन संपल्यावर पाच मिनिटे काढून प्रत्येकीने आपल्या घरातली गोळ्यांची पाकिटे आणावीत आणि शिकलेल्या मुलींनी त्यांवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. कुठे मायक्रोग्रॅम आहे, कुठे मिलीग्रॅम आहे, हे एकदा समजले की विसरत नाही. आशाताईंनाही त्या दिवशी बोलवावे.

1956 च्या 16 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या सोहळ्याला आपली गावेच्या गावे दीक्षाभूमीवर येतात, मुक्काम करतात. तोही ऑक्टोबरचाच महिना, हिवतापाच्या हंगामातला. येताना गरोदर बाया आणि सिकलसेलचे रुग्ण यांच्यासाठी मच्छरदाणी आणि त्यांची औषधे यांची सोय आधी करावी. परत गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर 'प्रवासाचा थकवा' म्हणून सोडून न देता रक्त तपासावे.

भगवान बुद्धांनी कालाम लोकांना सांगितले होते की परंपरेने चालत आले किंवा थोरामोठ्यांनी म्हटले एवढ्यावरून कोणतीही गोष्ट मान्य करू नका, ती तपासा, हिताची आहे का ते पाहा. शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी बंद करणे आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून मोठी गोळी सुरू करणे, या दोन्हींना हा उपदेश लागू आहे. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. हा लेख माहितीसाठी आहे, उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. पण डॉक्टरांपुढे जाताना पाकीट हातात असावे आणि प्रश्न तयार असावा.

जयभीम. नमो बुद्धाय.